बो थ्रस्टर ‘दोन सेकंदांत बंद’ : दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की बो थ्रस्टरचं (बोटीचं पुढचं टोक डावी-उजवीकडे ढकलणाऱ्या विजेच्या पंख्याचं) किट भंगार आहे, बटण दाबलं की थ्रस्टर दोन सेकंद फिरतो आणि कट-कट करत बंद पडतो, टनेलच्या (थ्रस्टर बसवायच्या आडव्या नळीच्या) सांध्यातून पाणी झिरपतंय, दुकानात फोन कोणी उचलत नाही, पैसे परत हवेत.

फोनचं आधी सांगतो. रविवारी तुम्ही तीनदा केलात, सोमवारी आमच्याकडून उलट फोन जायला हवा होता, तो गेला नाही. माफी मागतो.

आता पाणी, कारण सगळ्यात तातडीचं तेच. तुम्ही टाकलेला नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, आतला फोटो मोठा करून पाहिला. भोकं सुरेख कापलीत, टनेलच्या बाहेरच्या कडा गोल केल्यात, खोलीही बरोबर घेतलीय. स्वतः पहिल्यांदाच बसवणाऱ्याचं इतकं नेटकं काम मी फार पाहिलेलं नाही. पण आतून सांध्यावर चढवलेलं फायबर जुन्या पांढऱ्या रंगावरच बसलंय. उजव्या बाजूला त्याची कड उचललीय आणि खाली रंगाचा पापुद्रा दिसतोय. तिथे नख घातलं तर आत जाईल. सांधा पाण्याच्या पातळीखाली आहे, त्यामुळे वरून सीलंट लावून भागणार नाही. येत्या अमावास्येच्या उधाणाला बोट वर घ्या. टनेलभोवती वीतभर जागा कोरं फायबर दिसेपर्यंत घासा, टनेलचा बाहेरचा पृष्ठभागही खरबरीत करा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि मग इपॉक्सीत काचेच्या कापडाचे थर आतून-बाहेरून द्या. घाई नको, बोट चांगली सुकू दे.

दोन सेकंदांचं कारण मला केबलमध्ये दिसतंय, आणि ती केबल आमच्याच दुकानातली आहे. बिल काढून पाहिलं : १६ स्क्वेअर एमएम. हा १२ व्होल्टचा थ्रस्टर जोरात असताना २०० अँपियरच्या आसपास ओढतो. तुमची बॅटरी मागे इंजिनापाशी, म्हणजे पुढे ६ मीटर आणि परत ६ मीटर, एकूण १२. तेवढ्या लांबीत १६च्या तारेत अडीच व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातात. बॅटरी स्वतःही लोडखाली खाली येते. मोटरपाशी जेमतेम ९ व्होल्ट उरले की रिले (मोटरला वीज जोडणारा स्विच) सुटतो, लोड जाताच व्होल्टेज वर येतं, रिले पुन्हा धरतो, पुन्हा सुटतो. तुमची कट-कट तीच. ७० स्क्वेअरच्या केबलमध्ये हीच घट साधारण ०.६ व्होल्ट राहते. बॅटरी कुठे आहे, केबल कुठून फिरवणार, हे काउंटरवर विचारायला हवं होतं. विचारलं नाही, आणि किटसोबतचा तक्ता इंग्रजीत आहे. ७० स्क्वेअरची केबल, लग्ज (केबलच्या टोकाला लावायच्या जोडकड्या) आणि बॅटरीपाशी लावायचा योग्य फ्यूज आम्ही बदलून देतो, एक रुपयाही न घेता.

किटचे पैसे मात्र आज परत करणार नाही, कारण मोटर खराब आहे असं मला अजून दिसत नाही. बोट पुन्हा पाण्यात गेली की माझा माणूस रेवदंड्याला येईल आणि बटण दाबलेलं असताना मोटरच्या टर्मिनलवर मीटर लावेल. तिथे १०.५ व्होल्ट मिळूनही थ्रस्टर बंद पडला, तर मोटर आमची आणि पैसे तुमचे.

ओहोटीची ओढ आणि आडवा वारा असताना एका इंजिनाची २५ फुटी बोट धक्क्याला लावणं काय असतं ते मला माहीत आहे. ती भीती जावी म्हणूनच तुम्ही हा खर्च केलात, आणि तो वाया जाऊ नये असं मलाही मनापासून वाटतं.

बोट वर घेतल्यावर थ्रस्टर कोरडा फिरवून बघू नका. आणि उधाणापर्यंत बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) ऑटोवर ठेवा, सकाळ-संध्याकाळ एकदा जाऊन पाणी बघा. वाढतंय असं वाटलं तर दुकानात नको, थेट माझ्या मोबाइलवर फोन करा, नंबर बिलावर आहे.