स्टूल नग तीन, पैकी एकावर इसम

रविवारी सकाळी सात वाजता माणसाला लागते काय हो? प्लेटभर पोहे, वरून चण्याची लालभडक तर्री, कांदा, लिंबू आणि बसायला प्लास्टिकचा स्टूल. गाड्यावर चौथा घास घेऊन राहिलो होतो तर अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाची गाडी येऊन उभी. पाच मिनिटांत गाडा साफ. एक बाबू रजिस्टर घेऊन थेट माझ्यापुढे.

"भाऊ, उठा."

"खाऊन राहिलो ना!"

"खा ना, कोन नाई म्हनते. स्टूल जप्त झाला."

"आन् मी?"

"तुमी यादीत नाई."

यादी म्हणजे खरंच यादी. २०१४च्या फेरीवाला कायद्यात आहे की जप्त मालाची यादी द्यावी लागते, आणि हा गडी कायद्याला इतका पक्का की लिहिता लिहिता मोठ्याने वाचून राहिला, "गंज एक, तर्रीसहित. झारा एक. स्टूल नग तीन, निळे, पैकी एकावर इसम." म्हटलं इसम काढा बाप्पा, तर म्हणे खोडाखोड चालत नाही, साहेब बोलतात. मग त्याची नजर प्लेटवर. प्लेट कोणाची? गाड्याची. पोहे? माझे, तीस रुपये मोजले. "मंग पोहे खाली करा, प्लेट द्या." खाली करू कशात, खिशात? त्याने पेनाने कान खाजवत विचार केला, खरंच केला, आणि म्हणाला, "नाशवंत माल त्याच दिवशी सुटते. संध्याकाळी क्लेम करा."

बाकीचे पोहे मी उभ्याने गिळले. तर्री शर्टावर.

आपल्याकडे मजा म्हटली की कागद आलाच. दारूचं परमिट घ्या, वर्षाचं शंभर, जन्मभराचं हजार, म्हणजे सरकारी हिशेबाने पिणारा दहा वर्षं टिकते. मी पीत नाही, पण हिशेब आवडला. १९३४च्या विमान कायद्यात तर पतंगसुद्धा विमानात मोडायचा, म्हणजे संक्रांतीला नागपूरच्या महाल भागातल्या गच्चीवर "ओ काट" ओरडणारे आम्ही सगळे पायलट, बिनालायसनचे!

म्हणे गाड्यामुळे ट्रॅफिक अडते. रविवारी सातला? रस्त्यावर दोन कुत्रे आणि वॉकवाले एक काका, तेही पोह्यांच्या लाइनीत. इकडे आमच्या गल्लीत सिमेंट रोड इतका उंच केला की पावसाचं पाणी सरळ हॉलमध्ये येते, तीन अर्ज दिले, एकही माणूस रजिस्टर घेऊन फिरकला नाही, माझा सोफा तरंगला तेव्हा कोणी यादी केली नाही. मला अनुदान नको, योजना नको, बुडाखालचा स्टूल तेवढा राहू द्या ना.

आज गाडा परत लागला. स्टूल दोनच.

"तिसरा?"

"नाई सुटला भाऊ. त्याच्यावरचा इसम कोन ते इचारून राहिले. येता का सही कराले?"