निषेध करा, पण कुणाला कळू देऊ नका

सत्तेचा निषेध तर करायचाय, पण मोर्चात घसा कोरडा करायचा नाही? मग परफॉर्मन्स आर्टसारखी, म्हणजे लोकांसमोर स्वतःच्या देहानं केलेल्या कृतीलाच कला म्हणण्यासारखी, सोय नाही. पथ्य एकच: बघणाऱ्याला काही कळता कामा नये. कळलं की तोही शेजारी येऊन तेच करू लागतो आणि तुमचं नाव पडतं मागे.

इस्तंबूलच्या तक्सीम चौकात १७ जून २०१३ रोजी सरकारचा निषेध करणारा तुर्की कलाकार एर्देम ग्युंदुझ नेमका इथेच चुकला. खिशात हात घालून, अतातुर्क सांस्कृतिक केंद्राकडे तोंड करून तो सुमारे आठ तास गप्प उभा राहिला. घोषणा नाही, फलक नाही. उभं राहायला काय लागतं? रात्र होईपर्यंत शेजारी शेकडो माणसं उभी! तुम्ही असला गाफीलपणा करू नका. कृती अशी निवडा, की नक्कल करायलाही कलाशाळेची पदवी लागेल.

तरी उभंच राहायचं असेल तर गुडघे ताठ आवळून ठेवा. पोटऱ्या हलल्या नाहीत की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस आडवा होतो. काही लोक अधूनमधून पोटऱ्या आवळतात, टाचेवरचा भार चवड्यावर घेतात, आधी पोटभर पाणी पितात. ते तासन्‌तास टिकतात खरे, पण त्यांना रुग्णवाहिकेचा फोटो मिळत नाही.

रक्त हवंच. ग्लुकोज सिरपमध्ये खायचा लाल रंग, निळ्याचा एखादा थेंब आणि चिमूटभर कोको घाला. निळा विसरलात तर सरबत दिसतं, कोको विसरलात तर आरपार दिसतं. साखरेमुळे दहा मिनिटांत कपडे अंगाला चिकटतात आणि माशा येतात. (बहुतेक वेळा सर्वांत निष्ठावान प्रेक्षक त्याच.) गुळगुळीत फरशीवर मात्र सांडू नका, पहिला घसरतो तो तुमचाच फोटोग्राफर.

मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालाच्या राजधानीत, ग्वातेमाला सिटीत, २००३ मध्ये रेजिना होसे गालिंदो या कलावतीनं खरं मानवी रक्त वापरलं. माजी लष्करशहा एफ्राइन रिओस मोंत राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहतोय म्हणून ती रक्तानं भरलेलं घमेलं घेऊन संविधान न्यायालयापासून राष्ट्रीय प्रासादापर्यंत अनवाणी चालली. मध्येच घमेलं खाली ठेवायचं, पाय बुडवायचे, पुढे निघायचं. मागे फरसबंदीवर पावलांचे ठसे. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. निवेदनं लिहून जगणाऱ्यांच्या पोटावर हा सरळसरळ पाय आहे. तुमचं निवेदन दोन पानी हवं आणि त्यात ‘देह’, ‘अवकाश’, ‘हस्तक्षेप’ हे प्रत्येक परिच्छेदात.

जागा कलामहोत्सवातलीच घ्या. क्यूबाची कलावती तानिया ब्रुगेरानं २००९ मध्ये हवाना बिएनाले या तिथल्या कलामहोत्सवात व्यासपीठ आणि माइक ठेवला: कुणीही या, एक मिनिट बोला. बोलणाऱ्याच्या खांद्यावर पांढरं कबुतर ठेवलं जाई, मिनिट भरलं की गणवेशातली दोन माणसं त्याला खाली उतरवत. आयोजकांनी निषेधाचं पत्रक काढलं, तेवढ्यावर निभावलं. तोच माइक ३० डिसेंबर २०१४ ला महोत्सवाबाहेर, हवानाच्या क्रांती चौकात लावायचं तिनं जाहीर केलं, तर कार्यक्रमाआधीच तिला ताब्यात घेतलं.

राहिले फोटो. सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी ठेवा, पाचच क्रमांकित प्रती काढा, सही पेन्सिलीनं करा. ज्याच्याविरुद्ध निषेध केला त्याच्याच दिवाणखान्यात एखादी लागण्याची शक्यता असते, तेव्हा चौकटीचा रंग शक्यतो सोफ्याला साजेसा निवडा.