एस-टू तारा कृष्णविवरात पडलेला नाही

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक संदेश वाचून सातवीतली माझी भाची दोन रात्री नीट झोपली नाही. आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर स्वतःभोवती फिरत असल्याने त्याचा भोवरा सर्व काही आत ओढतो, २०१८ साली त्याने एक तारा गिळला, आता सूर्याची पाळी आहे आणि म्हणूनच आपले दिवस भराभर सरतात, असे त्यात ठासून लिहिले होते.

ताऱ्याविषयीचे विधान धडधडीत खोटे आहे, आणि साल जोडलेले असल्यामुळे सर्वांत घातकही तेच आहे. मे २०१८ मध्ये एस-टू हा तारा त्या विवरापासून सुमारे १,८०० कोटी किलोमीटरवर आला, सेकंदाला सुमारे ७,७०० किलोमीटर वेगाने त्याला वळसा घालून पुन्हा दूर निघाला, आणि एवढा वेग असल्यामुळेच तो आत पडला नाही. चिलीतील चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून ‘ग्रॅव्हिटी’ गटाने त्याचा मार्ग मोजला. त्याची लंबवर्तुळाकार कक्षा दर फेरीला सुमारे एक-पंचमांश अंशाने पुढे सरकते, हा त्यांचा २०२० मधील निष्कर्ष आइन्स्टाइनच्या गणिताशी जुळतो. गिळल्या गेलेल्या ताऱ्याची कक्षा मोजता येत नाही.

भोवऱ्याच्या गोष्टीत थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. गणितज्ञ रॉय केर यांनी १९६३ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांना शोधलेल्या उत्तरानुसार फिरणारे कृष्णविवर भोवतालचा अवकाश-काल, म्हणजे जागा आणि काळ यांची एकत्र वीण, आपल्याबरोबर फरफटत नेते. परंतु ही फरफट फिरण्याच्या दिशेने असते, आतल्या दिशेने नव्हे. उलट, त्याच दिशेने फिरणाऱ्या वस्तूला अशा विवराच्या अधिक जवळ स्थिर कक्षा मिळू शकते. शिवाय अंतर दुप्पट झाले की हा परिणाम आठव्या हिश्शावर येतो. एस-टूच्या कक्षेतही तो अद्याप मोजता आलेला नाही. आपण तर २६,००० प्रकाशवर्षे दूर आहोत.

सूर्याला केंद्राभोवती फिरवत ठेवणारे वस्तुमान मुख्यतः तारे, वायू आणि कृष्णद्रव्य (न दिसणारे, पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारे द्रव्य) यांचे आहे; सुमारे ४३ लाख सूर्यांइतके हे विवर त्यापुढे नगण्य ठरते. विवराजवळ काळ संथ होतो हे खरे, पण त्याने आपला दिवस आखूड होत नाही.

भाचीच्या वहीत दोन टाचण्या आणि दोरा घेऊन मी ती कक्षा काढून दाखवली. तारा परत कधी येणार, असे तिने विचारले. एका फेरीला सुमारे १६ वर्षे लागतात, म्हणजे २०३४ च्या आसपास, असे मी तिला सांगितले.