भाकऱ्या मोजून मागा

यंदा २६ जानेवारी सोमवारी आला, म्हणून शनिवार ते सोमवार भंडारदऱ्याला तंबू टाकून राहायचं असं आमच्या ग्रुपने डिसेंबरातच ठरवलं होतं. मोठी माणसं चौदा, पोरं आठ, गाड्या चार. फोटो तेव्हाच टाकले होते. लिहायचं राहिलं होतं ते आज लिहिते, कारण १ मे शुक्रवारी येतोय. पुन्हा तीन दिवस जोडून सुट्टी आहे आणि सगळ्या ग्रुपवर कॅम्पच्या जाहिराती फिरायला लागल्यात. बहुतेक जाहिरातींवर एक शब्द ठळक अक्षरांत असतो: अनलिमिटेड. त्या शब्दाबद्दल मला बोलायचंय.

आधी घरचं सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही हेच सगळे कोकणात समुद्रावर गेलो होतो. सकाळचा चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, ओले कपडे, पोरांची आंघोळ, भांडी. हे सगळं आम्ही सहा बायकांनी केलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आपसूक झालं. पुरुष पोरांना घेऊन पाण्यात गेले आणि आम्ही शेगडीपाशी उरलो. परत आल्यावर बॅगा उपसताना माझी जाऊ म्हणाली, "वहिनी, मला आता दोन दिवस सुट्टी पाहिजे." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून या वेळी निघण्याआधीच मी अट घातली की कामं वाटून घ्यायची. तीन तुकड्या केल्या: चूल, पाणी-भांडी आणि पोरं. चिठ्ठ्या टाकल्या. दर अर्ध्या दिवसाने पाळी बदलायची. चिठ्ठीत बाई-पुरुष असं काही नव्हतं. माझे दीर चुलीच्या तुकडीत आले आणि त्यांनी शनिवारी रात्री निखाऱ्यात भाजलेल्या वांग्यांचं भरीत केलं, त्यात कांद्याची पात घातली. इतकं चवीचं भरीत मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं. आणि माझी जाऊ त्या वेळी पाण्याच्या काठावर पाय सोडून बसली होती, तासभर. मला तेवढंच बघायचं होतं.

रस्त्याचं फार सांगत नाही. जोडून सुट्टीच्या सकाळी चाकण ओलांडणं म्हणजे काय ते पुणेकरांना माहीत आहे. पण नारायणगावात चहाला थांबलो तेव्हाचं एक दृश्य सांगायला हवं. रस्त्याकडेला मजुरीच्या आशेने उभी असलेली माणसं. हातात पिशवी, डोक्याला फडकं, बायकांच्या कडेवर पोरं. टोमॅटोच्या, कांद्याच्या, द्राक्षाच्या रानात काम मिळेल म्हणून अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातून कितीतरी माणसं इथे उतरतात. आम्ही ज्या गावांकडे मौजेला निघालो होतो, त्याच गावांतून ही माणसं पोटासाठी उलट्या दिशेने आली होती. पुढे आळेफाटा, बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर करत दुपारी तीनला पोचलो.

आम्ही मोठ्या कॅम्पवर जागा घेतली नव्हती. धरणाच्या पाण्याकडेला एका गावात एका घरी फोनवर बोललो होतो. त्यांचं भाताचं खाचर कापणीनंतर मोकळं होतं, तिथे तंबू ठोकायचे. स्वयंपाक आमचा आम्ही करणार, भाकऱ्या तेवढ्या त्यांच्याकडून. दादा सांदण दरीत लोकांना घेऊन जातात. ताई घरचं, गुरांचं, शेताचं बघतात. थोरली मुलगी आश्रमशाळेत दहावीला. तीन दिवस सुट्टी म्हणून घरी आलेली, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा.

जागा सुंदर आहे हे मी सांगायची गरज नाही. समोर पाणी, पाठीशी रतनगड, संध्याकाळी सगळा डोंगर जांभळा होतो. खाचरातली धसकटं पायाला टोचतात, त्यांवर आम्ही दादांनी दिलेला पेंढा अंथरला आणि वर तंबू. पण मला तिथे सारखं धरणाचं नवल वाटत होतं. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं, यंदा त्याला शंभर वर्षं होतायत. याच्या पाण्यावर खाली संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत ऊस उभा राहिला. पलीकडच्या घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, इतका पाऊस. आणि ताई सांगत होत्या, एप्रिल लागला की हापशाला पाणी येत नाही, हंडे घेऊन उतरावं लागतं. डोळ्यांसमोर एवढं पाणी आणि डोक्यावर हंडा. पोरांना आम्ही आंघोळीला एकेक तांब्या-बादली मोजून दिली ती यासाठीच.

संध्याकाळी साडेचार-पाचच्या सुमाराला शेजारच्या कॅम्पवर गाड्या यायला लागल्या. त्या रात्री तिथे ऐंशीच्या वर तंबू होते. सहा वाजता ताईंच्या पडवीत दुसरी चूल पेटली. मला वाटलं आमच्यासाठी. त्या म्हणाल्या, "तुमच्या मघाशीच झाल्या. ह्या तिकडच्या."

मी जाऊन शेजारी बसले. तांदळाची भाकरी होताना मी आजोळी पाहिली होती, पण अशी सलग कधी नाही. पातेल्यात पाण्याला आधण आलं की पीठ घालायचं, झाकण ठेवायचं, ती उकड गरम असतानाच काठवटीत उपसून मळायची. हात भाजतो. त्या मधूनमधून गार पाण्यात बोटं बुडवायच्या आणि पुन्हा मळायच्या. मग गोळा, मग थापणं, तळहाताच्या कडेने फिरवत फिरवत ती परातीएवढी करायची, दोन्ही हातांवर तोलून तव्यावर टाकायची, वर पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि शेवटी तवा उतरवून निखाऱ्यांना टेकवून फुगवायची. धूर सारखा डोळ्यांत. मुलगी पलीकडे बसून भाकऱ्या शेकत होती आणि तिच्या मांडीवर भूमितीचं पुस्तक उघडं होतं. एक भाकरी उलटली की एक ओळ वाचायची. मी तिला म्हटलं, "मी शेकते, तू आत जाऊन बस." ती आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "जा." मग ती आत गेली.

साडेसातला सव्वाशे भाकऱ्या टोपलीत भरून गेल्या. ताईंनी पाठ भिंतीला टेकली. नऊला कॅम्पवरचा पोरगा परत आला, अजून चाळीस हव्यात. दहाला पुन्हा आला, अजून तीस. चूल दोनदा विझवून दोनदा पेटवली. जेवण अनलिमिटेड आहे ना, कुणीही कितीही वाजता ताट घेऊन उभं राहिलं तरी गरम भाकरी मिळाली पाहिजे. मी विचारलं, "जास्तीच्या भाकऱ्यांचे वेगळे पैसे देतात ना?" त्यांनी मान हलवली. रात्रीचे ठरलेले पैसे असतात, भाकऱ्या शंभर होवोत नाहीतर दोनशे.

मला तेव्हा तो शब्द नीट कळला. अनलिमिटेड म्हणजे कॅम्पवाल्याच्या खिशातून काही जास्त जात नाही. जास्त जातं ते त्या बाईच्या मनगटातून आणि तिच्या झोपेतून. आणि त्या पोरीच्या अभ्यासातून.

रविवारी सकाळी मी मुद्दाम कॅम्पच्या मागच्या बाजूने चालत गेले. उष्ट्याच्या पिंपात वर वरच भाकऱ्या पडल्या होत्या. अर्ध्या, पाऊण, काही तर एक घास मोडून टाकलेल्या. ज्या थापताना मी पाहिल्या होत्या त्याच. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आणि त्या रात्री स्पीकर. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर वाजवायला कायद्यानेच बंदी आहे आणि हा सगळा भाग कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून, काही तर अभयारण्यातच. माझे यजमान आणि दीर जाऊन नीट बोलले, अभ्यास करणारी मुलगी शेजारी आहे असं सांगितलं. आवाज कमी झाला, अर्ध्या तासाने पुन्हा वाढला, बारानंतर बंद झाला. तिथे नाचणारे काही वाईट लोक नव्हते. आपल्यासारखेच, पुण्या-मुंबईचे, नाशिकचे, आठवडाभर राबून आलेले. त्यांना भिंतीपलीकडची पोरगी दिसत नव्हती, एवढंच. कुणीतरी ती दाखवायला हवी, म्हणून मी लिहितेय.

कॅम्प बंद करा असं मी म्हणत नाही. नारायणगावच्या रस्त्यावर जी माणसं पाहिली, त्यांच्यातली काही आता या कॅम्पमुळे गावातच राहतायत. दादा स्वतः आधी द्राक्षाच्या बागेत कामाला जायचे, आता सांदण दाखवतात आणि रात्री घरी जेवतात. हे पैसे गावात यायलाच हवेत. प्रश्न पैसे कुणाच्या हातात येतात आणि कष्ट कुणाच्या वाट्याला जातात, हा आहे.

म्हणून १ मेला, किंवा नंतर काजवे बघायला जे कुणी जाणार असाल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बुकिंग करताना विचारा की स्वयंपाक कोण करतं आणि त्यांना भाकरीमागे पैसे मिळतात की रात्रीचे ठरलेले. हा प्रश्न दहा जणांनी विचारला तरी मालकाला उत्तर तयार ठेवावं लागेल. किती भाकऱ्या लागतील ते संध्याकाळी चारच्या आत मोजून सांगा आणि त्यावर एकही मागू नका. कमी पडली तर भात खा. स्वतःचं ताट स्वतः धुवा, तेही बादलीतल्या पाण्यात, नळ सोडून नव्हे. शक्य असेल तर सरळ घरीच बोला, मधला माणूस नको. आणि आपल्या घरच्या बायकांनाही एकदा विचारा की मागच्या सहलीत त्या पाण्याकाठी किती वेळ बसल्या होत्या.

आम्ही रविवारी तेच केलं. त्या दिवशी रथसप्तमी होती. सासूबाईंनी पुण्याहून मातीचं बोळकं आणलं होतं. ताईंनी दोन गोवऱ्या दिल्या, डांगी गाईचं दूध दिलं. सूर्य डोंगरावर येताना खाचराच्या बांधावर दूध उतू घातलं, पोरं गोल करून बघत होती. उतू गेलेलं दूध पूर्वेला सांडलं तेव्हा ताईंच्या धाकट्याने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी ताईंना पाटावर बसवून हळदीकुंकू लावलं, ओटीत तीळगूळ आणि एक साधं पातेलं दिलं. ताई म्हणाल्या, "आमच्याकडे पाव्हणे लई येतात, पण बसवलं कुणी नाही." मग अमृतेश्वराच्या देवळात गेलो, पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसलो. सांदणला इतकी रांग होती की पोरांना नुसतं तोंड दाखवून परतलो. काही हुकलं असं कुणालाच वाटलं नाही.

दुपारी चारला मी ताईंना सांगितलं: मोठ्यांना दोन, पोरांना एक, छत्तीस भाकऱ्या. वर एकही नको. पैसे भाकरीमागे धरून आधीच दिले. सहाला त्या आमच्या भाकऱ्यांतून मोकळ्या झाल्या. कॅम्पवर रविवारची गर्दी थोडी कमी होती, तिथल्या शंभर भाकऱ्याही साडेसातला गेल्या. आठला त्या आमच्या शेकोटीला येऊन बसल्या, पदर डोक्यावर घेऊन. अर्धा चंद्र होता. त्यांनी पोरांना काळभाताच्या लोंब्या कशा असतात ते सांगितलं, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी चिखलात म्हणायच्या गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या. मुलगी आमच्या तंबूतल्या कंदिलाशी बसून माझ्या दिरांकडून वर्तुळाची प्रमेयं समजून घेत होती. सकाळी शाळेत झेंडावंदन होतं, त्याला आम्ही सगळ्यांनी यायचं असं तिने पोरांकडून कबूल करून घेतलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी कॅम्पवरचा तो पोरगा बॅटरी घेऊन बांधावरून आला. "मावशे, अजून पंचवीस."

ताईंनी मनगट दुसऱ्या हाताने दाबलं आणि उठल्या. मुलगीही पुस्तक मिटायला लागली. मी तिला खाली बसवलं. माझी जाऊ म्हणाली, "चला वहिनी." आम्ही दोघी ताईंच्या मागोमाग पडवीत गेलो. मी आधण ठेवलं, जावेने पीठ चाळायला घेतलं.