रिव्हर्सोचे ओरखडे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रिव्हर्सो या मनगटी घड्याळाच्या मी काढलेल्या फोटोंखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. एकदा चिडून आणि एकदा जेवण झाल्यावर. दुसऱ्या वेळी तिच्यातलं बरंच पटलं, म्हणून नुसतं 'धन्यवाद' लिहून सुटका करून घेत नाही.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं इथे पुन्हा देतो: "दुसऱ्याची लाखालाखाची घड्याळं मांडायची, तासन्‌तास त्यांवर कॅमेरा रोखायचा आणि याला छंद म्हणायचं! सगळी घड्याळं बंद, सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं. वीस-पंचवीस वर्षं वापरलेल्या घड्याळावर एक ओरखडा नाही? यापेक्षा कॅटलॉग परवडला, तो निदान विकण्यासाठी तरी असतो. आणि ज्या एचएमटीबद्दल एवढं हळवं लिहिता, तिचा एकही फोटो नाही."

पैशांचं आधी उरकतो. घड्याळं माझी नाहीत, हे खरंच आहे. ओळखीच्या एका निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञांची आहेत, मी त्यांना डॉक्टरकाका म्हणतो. एकूण अकरा, त्यातली सहा बँकेच्या लॉकरमध्ये. एखाद्या शुक्रवारी ते त्यातली दोन-तीन घरी आणतात, सोमवारी परत नेऊन ठेवतात, आणि मधल्या रविवारी सकाळी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडतो. काकूंची अट एकच: पोहे खाल्ले की हात साबणाने धुवायचे. काकांच्या दोन: नाव लिहायचं नाही आणि सीरियल नंबर फोटोत येऊ द्यायचा नाही. माझ्या मालकीचं म्हणाल तर बाबांची एचएमटी जनता आणि लग्नात मिळालेलं एक क्वार्ट्झ, ज्याचा सेल गेल्याला आता दीड वर्ष झालं.

किंमत मी आजवर कुठल्याच लेखात लिहिलेली नाही, आणि त्यामागे काही थोर विचार नाही. कॅमेऱ्यामागे बसलं की ती आठवतच नाही. आठवतं ते एवढंच की महागड्या घड्याळाची काच फोटोवाल्याला जास्त छळते. ही काच सफायरची, म्हणजे कृत्रिम नीलमण्याची असते. तिच्यावर ओरखडा सहजासहजी पडत नाही, पण कोटिंग नसेल तर समोरून पडलेल्या प्रकाशातला सात-आठ टक्के ती प्रत्येक पृष्ठभागावरून परत फेकते. साधी काच किंवा जुन्या घड्याळांवरचं ॲक्रिलिक जेमतेम चार टक्के. म्हणजे दुप्पट किमतीची काच दुप्पट त्रास देते, आणि तिच्यात खिडकी, पंखा, ट्रायपॉड आणि माझं टक्कल असं सगळं उमटतं. 'पोलरायझर लावा की', असं सांगणारे हमखास भेटतात. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा फिल्टर, काचेवरचं प्रतिबिंब मारतो, पण तिरक्या कोनातून. सफायरसाठी तो कोन साधारण साठ अंशांचा. घड्याळाच्या बरोबर डोक्यावर कॅमेरा धरला की पोलरायझर काही करत नाही, आणि धातूवरची चमक तर त्याला कुठूनच आवरत नाही.

मग करायचं काय, तर घड्याळाला काय दिसतं ते आपण ठरवायचं. माझ्याकडे एक जुनी फोटोफ्रेम आहे, तिला काचेऐवजी ट्रेसिंग पेपर ताणून लावलाय. खिडकी आणि घड्याळ यांच्यामध्ये ती उभी केली की प्रकाश दुधासारखा पसरतो. पण सगळीकडून दूधच आलं तर स्टीलची कड पांढऱ्यात विरघळून जाते. म्हणून एका बाजूला काळा कार्डशीट उभा करावा लागतो, तेव्हा कुठे कडेवर ती काळी, धारदार रेघ येते. तो कार्डशीट अर्धा इंच सरकवला की घड्याळ वेगळं दिसतं. माझ्या रविवारचे तीन तास या अर्ध्या इंचात जातात.

काकांकडे ग्रँड सेको कंपनीचं 'स्नोफ्लेक' नावाचं घड्याळ आहे. जपानमधल्या शिन्शू भागातल्या बर्फावरून त्याची तबकडी घडवलीय. पांढरी दिसते, पण त्यात पांढरा रंग नाही. खडबडीत पृष्ठभागावर चांदीचा मुलामा आहे. माझ्या दुधाळ प्रकाशात ती पहिल्या दिवशी चक्क झेरॉक्सच्या कागदासारखी सपाट आली. प्रकाश अगदी खालून, तबकडीला घासत नेल्यावर भुसभुशीत बर्फ वर आला. तिचा सेकंदकाटा निळा आहे, तापवून निळा केलेलं पोलाद. तो निळा दिसायचा तर त्यात काहीतरी उजळ प्रतिबिंबित व्हावं लागतं, नाहीतर तो काळाच येतो. सगळी फ्रेम तशीच ठेवून फक्त त्या काट्यासाठी मी व्हिजिटिंग कार्डाएवढा पांढरा कागद धरून बसलो होतो. काका शेजारी पेपर वाचत होते. म्हणाले, "एवढा वेळ तर मी गुडघा बदलायलाही घेत नसे."

यात श्रीमंतीचं प्रदर्शन कुठे बसतं ते तुम्हीच ठरवा. मला तरी त्यात कोणीतरी हाताने केलेलं बारीक काम दिसतं, आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही म्हणून कॅमेरा.

आता दहा वाजून दहा मिनिटं. ही जाहिरातवाल्यांची सवय आहे आणि ती मी उचललीय, कबूल. काटे दोन्हीकडे सारखे उघडतात, बाराखालचं कंपनीचं नाव मोकळं राहतं, तीनजवळची तारीख झाकली जात नाही. जुन्या जाहिरातींत आठ वाजून वीस मिनिटंही असायची. टायमेक्सवाले तर १०:०९:३६ इतकं मोजून लावतात. लिंकन त्या वेळी गेला म्हणून तशी वेळ ठेवतात, ही फॉरवर्डमधली गोष्ट मात्र सोडून द्या. त्याला गोळी लागली रात्री सव्वादहाच्या सुमारास आणि तो गेला दुसऱ्या दिवशी सकाळी ७:२२ ला.

घड्याळं बंद असतात त्याचं कारण मात्र सवय नव्हे. इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा थर फारच पातळ असतो. घड्याळ सेन्सरवर मूळ आकाराएवढं उतरवलं आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ-८ ठेवलं, तर जेमतेम एक मिलिमीटर. काटे स्पष्ट आले की तबकडी धूसर, तबकडी आली की कड गेली. ॲपर्चर एफ-२२ पर्यंत बारीक केलं तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. म्हणून लेन्स केसभर पुढे सरकवत पंचवीस-तीस फोटो घ्यायचे आणि संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग एकावर एक रचायचे. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. एवढं करायला पाच-सात मिनिटं जातात, आणि तेवढ्यात चालू घड्याळाचा मिनिटकाटा पुढे सरकलेला असतो. मग एका फोटोत दोन मिनिटकाटे! ज्या घड्याळात चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो तिथे प्रश्न नाही. काकांचं ओमेगा स्पीडमास्टर '१८६१' क्रमांकाच्या जुन्या मशीनचं आहे, ते चावी ओढली तरी चालूच राहतं. ते दोन दिवस चावी न देता पूर्ण थकू द्यावं लागतं, मग काटे लावायचे. (त्याच्या ॲक्रिलिक काचेच्या अगदी मध्यभागी ओमेगाचं एक सूक्ष्म चिन्ह कोरलेलं असतं. नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. ते पकडायला मला तीन रविवार लागले. काकांच्या हातावर ते घड्याळ कित्येक वर्षं होतं आणि त्यांना ते माहीतच नव्हतं.)

तेव्हा इथपर्यंत मी माझी बाजू मांडली. पण ओरखड्यांच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त.

रिव्हर्सो हे घड्याळ जन्मालाच आलं ते मार खायला. १९३० च्या आसपास हिंदुस्थानातले इंग्रज लष्करी अधिकारी पोलो खेळताना घड्याळांच्या काचा फोडून घेत होते. ती तक्रार सेझार द त्रे नावाच्या व्यापाऱ्यापर्यंत पोचली, आणि ४ मार्च १९३१ ला रने-आल्फ्रेड शोवो या अभियंत्याने पॅरिसमध्ये त्यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला. घड्याळाची चौकोनी केस, म्हणजे डबी, आपल्या चौकटीत सरकवायची आणि पालथी घालायची. काच आत, पोलादी पाठ बाहेर. म्हणजे चेंडू, काठी, जे काही लागायचं ते पाठीला लागावं.

काकांनी हे घड्याळ १९९८ मध्ये सेकंडहँड घेतलं. त्याची पाठ बारीक ओरखड्यांनी भरलेली आहे, आणि एका कोपऱ्यात छोटासा पोचा आहे. फोटो संगणकावर मोठा करून पाहिला तेव्हा मला ते सगळं अस्वच्छ वाटलं. पहिल्यांदा धूळ पुसली. धूळ पुसणं रास्त आहे, ती घड्याळाची नसते. मग एक ओरखडा पुसला, मग त्याच्या शेजारचा, आणि रात्री साडेबारापर्यंत पाठ आरशासारखी झाली. पोचासुद्धा गेला. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

काकांना फोटो पाठवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला असावा, कारण उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "छान आहे. कोणाचं आहे?"

मला वाटलं ते गंमत करतायत, आणि मी तो फोटो तसाच इथे टाकला. तुमची प्रतिक्रिया आल्यावर ते वाक्य परत वाचलं. जे घड्याळ पाठीवर मार झेलायला बनवलं, त्याचीच पाठ मी साफ करून टाकली होती. कॅटलॉग म्हणालात ते लागलं, कारण कॅटलॉगवाल्याने निदान नवं घड्याळ नवं दाखवलं असतं.

पण उलटंही घडलेलं आहे, तेही सांगतो. काकांकडे एक फाव्र-ल्यूबा सी किंग आहे. ही स्विस कंपनी, आपल्याकडे १८६५ पासून. अनेक घरांत आजोबांच्या फोटोतल्या मनगटावर तिचं घड्याळ सापडेल. काकांनी ते जुन्या बाजारातून घेतलं, मूळ तबकडी आहे अशा खात्रीने, आणि दाखवताना तसंच सांगायचेही. मी ते मॅक्रो लेन्सखाली, म्हणजे अगदी जवळून, घेतलं तेव्हा नावाची अक्षरं कडेने फुगलेली दिसली, शाई ओल्या कागदावर पसरते तशी. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नव्हत्या. तबकडी केव्हातरी नव्याने रंगवलेली होती. मी फोटो मोठा करून दाखवला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "राहू दे," म्हणाले, "छापू नकोस." आणि त्या संध्याकाळी फिरायला जाताना तेच घालून गेले. आज त्यांच्या परवानगीने लिहितोय.

तेव्हा कॅमेरा खोटा असं सरसकट म्हणू नका. त्या रात्री साडेबारा वाजता खोटं मी बोललो.

राहिली एचएमटी. इथे मी कोड्यात पडलो, कारण तिचा फोटो का काढला नाही याला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नाही. खरं कारण असं की मला लाज वाटत होती. तिची नव्हे, माझ्या हलगर्जीपणाची. बाबा गेल्यावर ती कपाटात पडून होती. ॲक्रिलिकची काच पिवळट झालीय, चावीच्या खाचांत मळ बसलाय, पट्टा तर केव्हाच तुटला. बंगळुरूच्या कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीने ही घड्याळं बनू लागली. २०१६ मध्ये सरकारने घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं आणि तेव्हापासून जो तो 'जनता' शोधत फिरतोय. (घेणार असाल तर हिरव्या-जांभळ्या, चकचकीत तबकडीची 'नवी कोरी जनता' बघून भुलू नका. त्यातल्या बहुतेक अलीकडे रंगवलेल्या असतात. वर सांगितलेली फुगलेली अक्षरं भिंगातून बघा.)

तुमची प्रतिक्रिया आल्यानंतरच्या रविवारी मी ती काकांकडे घेऊन गेलो. काका म्हणाले, काच पॉलिश करून घे, दहा मिनिटांचं काम आहे. ते खरंच आहे, ॲक्रिलिक घासून लख्ख होतं. मी नाही केलं. नुसती धूळ उडवली आणि चावी दिली. सात वर्षांनी ती पहिल्या चार-पाच वेढ्यांतच चालू लागली, याचं श्रेय मी घेऊ शकत नाही.

स्टॅकिंग केलं नाही, एकच फोटो घेतला. तबकडी स्पष्ट आलीय, काचेची कड धूसर. रिव्हर्सोच्या लेखात आता पुसलेला फोटो आणि मूळ ओरखड्यांचा फोटो शेजारी शेजारी ठेवले आहेत, पोच्यासकट. त्यांच्या खाली 'जनता'चा आहे. तिच्यात दहा वाजून दहा मिनिटं नाहीत, अकरा वाजून अडतीस आहेत, कारण तेव्हा तेवढेच वाजले होते. शटर अर्धा सेकंद उघडं होतं आणि हे मशीन सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणून सेकंदकाटा एका जागी नाही. नीट पाहिलंत तर तो तीन ठिकाणी पुसट दिसेल.