उद्याचा पाऊस आणि 2100 सालचे तापमान ही दोन वेगळी गणिते आहेत

पावसाचा एखादा अंदाज हुकला की एक संदेश मोबाइलवर हमखास फिरू लागतो. त्यातले दावे थोडक्यात असे: ज्यांना उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही, ते 2100 सालचे तापमान काय सांगणार; हवेत जेमतेम 0.04 टक्के असलेल्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापेलच कशी. आणि हवामानाची मॉडेल (वातावरणाच्या संगणकावर चालवलेल्या गणिती प्रतिकृती) म्हणजे हवे ते उत्तर येईपर्यंत आकडे फिरवण्याचा उद्योग. अंदाजावर विसंबून केलेली पेरणी वाया गेलेल्या शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे. मात्र त्या संतापाच्या आडून हा संदेश जे पसरवतो, ते तिन्ही बाबतींत चुकीचे आहे.

पहिला दावा सर्वांत पटण्याजोगा वाटतो, म्हणून त्याचा विचार नीट करायला हवा. उद्याचा अंदाज आजच्या वातावरणाच्या नेमक्या स्थितीवर अवलंबून असतो आणि ती स्थिती पूर्ण अचूक मोजणे अशक्य असते. 1961 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावरील एक जुने गणित मधूनच पुन्हा सुरू करताना 0.506127 ऐवजी छापील कागदावरचा 0.506 हा आकडा भरला. समीकरणे तीच, यंत्र तेच. तरीही आधीचे आणि नवे उत्तर हळूहळू दुरावत गेले आणि शेवटी त्यांच्यात काही साम्य उरले नाही. 1963 च्या शोधनिबंधात त्यांनी या वर्तनाची गणिती मांडणी केली. रोजच्या हवामानाचा तपशीलवार अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे जाऊ शकत नाही, असे आज मानले जाते. म्हणजे ज्या मर्यादेचे भांडवल केले जाते, ती हवामानशास्त्रज्ञांनी लपवलेली नाही, तर त्यांनीच गणिताने दाखवून दिलेली आहे.

2100 सालाबद्दलचा प्रश्न मात्र निराळा आहे. त्या वर्षीच्या अमुक तारखेला पाऊस पडेल का, हे कोणी सांगत नाही. अनेक वर्षांची सरासरी किती सरकेल, एवढेच विचारलेले असते. पुढच्या वर्षी 20 मे रोजी नागपुरात पारा किती चढेल हे आज कोणालाही सांगता येणार नाही, पण तिथला मे महिना डिसेंबरपेक्षा कितीतरी तापलेला असेल हे निःशंकपणे सांगता येते, कारण ते त्या आठवड्यातल्या ढगांवर नव्हे तर सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेवर ठरते. आपल्या मान्सूनलाही हेच लागू पडते. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी आणि भारतीय शास्त्रज्ञ जगदीश शुक्ला यांनी 1981 मध्ये असे मांडले की उष्ण कटिबंधात संपूर्ण हंगामाच्या सरासरी पावसावर समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान, जमिनीतील ओल अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींचा मोठा प्रभाव असतो. त्यामुळे एका दिवसाचा पाऊस महिनाभर आधी सांगता येत नसला, तरी हंगामाचा कल वर्तवण्यास आधार मिळतो.

0.04 टक्क्यांचा दावा कागद-पेन्सिलीने तपासता येतो. पृथ्वीला सूर्याकडून मिळणारी ऊर्जा तिच्या संपूर्ण पृष्ठभागावर वाटली तर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 340 वॅट येतात, त्यांपैकी जवळजवळ 30 टक्के परावर्तित होतात आणि 238 उरतात. तेवढीच ऊर्जा अवकाशात परत टाकणाऱ्या गोलाचे तापमान उणे 18 अंश सेल्सिअस निघते. प्रत्यक्षात पृथ्वीच्या पृष्ठभागाची सरासरी सुमारे 15 अंश आहे. हा 33 अंशांचा फरक वातावरण उष्णता अडवून धरते म्हणून पडतो, आणि कोरड्या हवेचा 99 टक्के भाग असलेले नायट्रोजन व ऑक्सिजन त्या कामात जवळपास काहीच करत नाहीत. ते काम बाष्प, ढग, कार्बन डायऑक्साइड आणि इतर काही विरळ वायू करतात. तेव्हा उष्णता न अडवणाऱ्या वायूंच्या प्रचंड साठ्याशी तुलना करून कार्बन डायऑक्साइडला नगण्य ठरवणे हा हिशेबच चुकलेला आहे. औद्योगिक काळापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे 280 रेणू होते, आज 420 हून अधिक आहेत. प्रमाण दुप्पट झाले की दर चौरस मीटरला सुमारे 3.7 वॅटची भर पडते.

आकडे फिरवल्याच्या आरोपात सत्याचा एक अंश आहे आणि तो मान्य करायला हवा. मॉडेलचा पाया संवेग (वस्तुमान गुणिले वेग), वस्तुमान आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेच्या समीकरणांचा असतो. पण पृथ्वीवर आखलेल्या जाळीची एकेक चौकट अनेकदा शंभर किलोमीटरची असल्याने एकेकटा ढग तिच्यात मावत नाही आणि त्याचा परिणाम निरीक्षणांशी जुळवलेल्या सूत्रांनी अंदाजे धरावा लागतो. तरीही खरी कसोटी आधी केलेल्या भाकिताची असते. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांच्या गटाने पुढील काळात जग सुमारे अर्ध्या अंशाने थंड होऊन नंतर सावरेल असे जाहीर केले आणि साधारण तसेच घडले. स्युकुरो मानाबे व रिचर्ड वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांच्या 1967 च्या गणिताने कार्बन डायऑक्साइड वाढल्यास खालचे वातावरण तापेल आणि त्यावरचा स्थितांबर हा थर थंड होईल असे दाखवले. उपग्रहांनी पुढे हेच नोंदवले. सूर्य प्रखर झाल्याने तापमान वाढले असते तर स्थितांबरही तापले असते. मानाबे यांना 2021 चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

अनिश्चितता आहेच, पण ती कुठे आहे हे पाहायला हवे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास होणारी तापमानवाढ आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2021 च्या अहवालाने बहुधा 2.5 ते 4 अंशांच्या दरम्यान धरली आहे. दर अंशामागे हवेची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, म्हणून अतिवृष्टीचा जोर वाढण्याबद्दल मॉडेलमध्ये बरेच एकमत आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात हंगामाचा पाऊस किती बदलेल, याबद्दल मात्र तसे एकमत नाही. तिथे शंका घेणे योग्यच आहे, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत मॉडेलमधला मान्सून सुधारण्याचे जे काम चालू आहे, ते याच शंकांपायी.