साठीनंतर भरपूर लिहिण्याचे खात्रीशीर उपाय

सुचत नसलं की पहिल्यांदा ते चारचौघांत सांगून टाका. आपल्या वयाच्या बाकी मंडळींकडे सांगण्यासारखं काय असतं, गुडघे, शुगर आणि मुलगा सुनेचं ऐकतो हे दुःख. त्यात तुम्ही "सध्या जरा रायटर्स ब्लॉक चाललाय" असं म्हणालात की ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर दोन मिनिटं तरी सगळे गप्प होतात. तसा घरंदाज आजार आहे हा. १९४७ च्या सुमारास एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकाने त्याला हे नाव दिलं आणि मूळ शोधत शोधत गडी थेट तान्हेपणी आईने न दिलेल्या दुधापर्यंत जाऊन पोचला. म्हणजे बघा, ६८ व्या वर्षी तुमचा 'श्रावणातल्या आठवणी' दुसऱ्या परिच्छेदात अडकला तर दोष तुमचा नाहीच, कैलासवासी मातोश्रींचा आहे.

मग सामान जमवा. बिनसामानाचं लिहिणं हे तरुणांचं काम, ती पोरं शेअर रिक्षात चौथ्या सीटवर लटकून अंगठ्याने लिहितात. तुम्हाला शांत खोली पाहिजे (घोडबंदर रोडला अशी खोली कोणाला सापडली तर मलाही कळवा), पाठीला उशी पाहिजे, जवळचा चष्मा पाहिजे आणि तो शोधायला लांबचा चष्मा पाहिजे. टाइप करायला बोटं जड झाली असतील तर बोलून टाइप करायची सोय आहे, ती जरूर वापरा, फक्त दार लावून घ्या, नाहीतर तुम्ही संतसाहित्यावर असे रंगात येऊन बोलताय आणि स्क्रीनवर उमटतं "तुकोबांची व्याकुळता इथे अहो दूधवाल्याचे सुट्टे कुठे ठेवलेत शिगेला पोचते". असं काही गेलंच तर काढू नका. दोन जण हमखास दाद देतात.

एवढं होऊनही लिखाण सुरू होईल अशी भीती वाटली तर शुद्धलेखन काढा. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, पण 'आणि' मात्र ऱ्हस्व, हे १९६२ च्या नियमांपासून चालत आलंय, यावर सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी आठला एक प्रश्न टाकलात तर दुपारच्या वरणभातापर्यंत तुम्हाला लेखाकडे बघायलाही लागत नाही. शिवाय दिवसभर भाषेची सेवा केल्याचं समाधान.

परदेशी उपायही वाईट नाहीत. इटलीच्या फ्रांचेस्को चिरिलोने १९८० च्या दशकात, कॉलेजात असताना, टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून अभ्यास करायची युक्ती काढली, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं आराम. आपल्या वयात हे उलटं करून घ्यायचं कारण सलग २५ मिनिटं बसणं प्रोस्टेटला मान्य नसतं. आणि अँथनी ट्रोलप? इंग्लंडच्या पोस्टात नोकरीला होता हा माणूस, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द पाडायचा आणि मग कामावर जायचा, अशा ४७ कादंबऱ्या लिहिल्या त्याने. पण त्याची गोष्ट वेगळी, त्याला नोकरी होती. तुम्ही रिटायर आहात, तुम्हाला वेळ कुठला? नातवाला बसवर सोडायचं, पासबुक भरून आणायचं, पाण्याच्या टँकरवरून वॉचमनला बोलायचं, झालाच दिवस.

विषयांची मात्र अजिबात चिंता नको, विषय कॅलेंडरवर असतात. २७ फेब्रुवारीला मराठीचं काय होणार. जूनमध्ये पहिला पाऊस आणि कांदाभजी. १६ एप्रिलला आपण ठाणेकर तर जन्मसिद्ध हक्काने लिहितो, १८५३ साल, पहिली आगगाडी, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफा, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. मागच्या वर्षीचाच लेख काढा, किती वर्षं झाली तो आकडा तेवढा बदला. तोही विसरलात तर हरकत नाही, इंजिनांची नावं आली की लोक पुढे वाचतच नाहीत. दिवाळीच्या आधी दिवाळी अंकांना ओहोटी लागल्याचं लिहा, त्यात पहिला दिवाळी अंक म्हणून १९०९ चा 'मनोरंजन' आणि त्याचे संपादक का. र. मित्र आलेच पाहिजेत, आणि हे सगळं यंदा एकही अंक विकत न घेता लिहा, तेव्हाच त्याला खरा दर्द येतो.

आणि लिहा मात्र रोज. का म्हणून विचारू नका. दर नोव्हेंबरला आपण पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो की नाही, २०१४ पासून तर तो बोट टेकवून ऑनलाइन जातो, पण सरकार वर्षातून एकदाच विचारतं, ग्रुपवर रोज विचारतात. सकाळी सव्वासहाला तुमचा 'विचारमंथन भाग ४१२' पडला नाही तर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी नातवाला बेल वाजवायला पाठवतात. त्या भाग ४१२ मध्ये काय होतं हे त्यांना माहीत नाही आणि ४११ मध्ये काय होतं हे तुम्हालाही नाही, पण आपण दोघंही जिवंत आहोत एवढा निरोप पोचला ना.

बाकी सगळं जमेल, एकच पथ्य पाळा. खरं काही लिहायला बसू नका. तुम्ही उभा जन्म वागळे इस्टेटमध्ये काढलात, एमआयडीसीची पहिली वसाहत ती, तिच्यावर 'आमच्या वेळचं वागळे' असा लेख लिहायला हरकत नाही, चहाची टपरी घ्या, गेटवरचा सत्यनारायण घ्या, आता तिथे काचेची ऑफिसं झाली म्हणून एक सुस्कारा टाका आणि उठा. पण पॉवर प्रेसमध्ये ज्याची दोन बोटं गेली त्या पोराकडे वळू नका. त्याचा ॲक्सिडेंट रिपोर्ट तुमच्याच अक्षरात होता. 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे शब्द साहेबांनी सांगितले आणि तुम्ही लिहिलेत, मशीनचा सेफ्टी गार्ड महिनाभर काढून ठेवलेला होता हे तुम्हाला माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं. तेव्हा कुठला ब्लॉक आला नाही हो. एका बैठकीत फुलस्केपची पाठपोट दोन पानं, एकही खाडाखोड नाही, टोमॅटो लावला नव्हता की तलावाला फेरी मारली नव्हती. तसंच नौपाड्याच्या जुन्या घराचं. रिडेव्हलपमेंटला गेलं तेव्हा धाकट्या भावाच्या सहीचा कागद नक्की कोणी भरला, हे सोडून त्या घराच्या अंगणातल्या प्राजक्तावर लिहा. प्राजक्तावर लिहिल्याने वाटणी बदलत नाही. ही असली प्रकरणं एकदा उघडली की रात्री दोन वाजता उठून माणूस लिहायला लागतो, थांबत नाही, बीपी वाढतं, आणि घरातले विचारतात की हे आत्ता कशाला.

तरीही एखाद्या रात्री हात घसरला आणि तसला लेख झालाच, तर फाडू नका, एवढी मेहनत वाया कशाला घालवायची. भावाला 'एक नातेवाईक' करा, साहेबांना 'तेव्हाची परिस्थिती', त्या पोराला काढून तिथे पारिजातकाचा सडा घाला आणि शेवटी क्षमाशीलतेवर चार ओळी जोडा. मग सव्वासहाला टाकून द्या. साडेसहाच्या आत सात जणांचं 'खूप सुंदर काका' येतं, हात जोडून. त्यातला एक तुमचा धाकटा भाऊच असतो, आणि त्यानेही वाचलेलं नसतं.